‘सेव’ की ‘शेव’? ओपन सोर्स प्रकल्पातले स्वयंसेवक टिकवायचे कसे

दोन वर्षांपूर्वी आमच्या मराठी शुद्धलेखन कोशासाठी इंदूरच्याच एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने ४० शब्दांची यादी पाठवली. सगळे खाण्याचे शब्द: जिरावन, शिकंजी, खोपरा पॅटिस, भुट्ट्याचा कीस. रात्री खाण्याच्या गाड्या लागतात त्या सराफा बाजारात उभं राहून टिपून घेतल्यासारखी यादी होती ती. त्याची पहिलीच पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्या अशी विनंती), पण शब्द नीट अकारविल्हे लावलेले, प्रत्येकापुढे लिंग लिहिलेलं. मी ती १७ दिवसांनी उघडली. रात्रीचे साडेअकरा झाले होते, ऑफिसचं काम डोक्यातून गेलं नव्हतं. ‘सेव’ या शब्दाखाली मी लिहिलं, “चूक. शेव.” आणि लॅपटॉप मिटला.

तो मुलगा परत आला नाही. आमच्या स्वतःच्या घरात, तीन पिढ्या इंदुरात काढलेल्या मराठी घरात, सगळे ‘सेव’च म्हणतात. म्हणून ते जास्तच लागलं.

आमचा प्रकल्प छोटा आहे, आणि ओपन सोर्स, म्हणजे त्याच्या फाइली सगळ्यांना खुल्या, कोणीही बदल सुचवावा. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स शुद्धलेखन तपासायला हनस्पेल वापरतात, त्याच्यासाठी आम्ही मराठी शब्द आणि नियम तयार करतो. एका फाइलीत शब्द, दुसरीत ते शब्द कसे चालतात त्याचे नियम. पगार कोणालाच नाही. नियमित काम करणारे नऊ जण आहेत, त्यातले पाच इंदूरचे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी राजेंद्रनगरात आमच्याकडे पोहे-जिलबी खात बसतो. त्या १७ दिवसांनंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. काय बदललं आणि ते तुम्हाला कसं करता येईल, ते क्रमाने सांगते.

आधी विचारा: तुम्हाला यातलं काय करायला आवडेल?

२००५ साली करीम लखानी आणि रॉबर्ट वुल्फ यांनी ओपन सोर्सच्या ६८४ प्रोग्रॅमरांची पाहणी प्रसिद्ध केली. काम करताना मिळणारा आनंद, डोकं चालवल्याचं समाधान, हे त्यात सगळ्यात जोरकस कारण निघालं. पण आनंद प्रत्येकाचा वेगळा. आमच्यातला एक जण नोकरीच्या मुलाखतीत दाखवायला काम हवं म्हणून आला. एक ताई भाषांतर करतात, त्यांना स्वतःलाच रोज हा कोश लागतो. आणि एक आहेत निवृत्त मराठी शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो. त्यांना चुकीचं ऱ्हस्व-दीर्घ बघवत नाही, एवढंच त्यांचं कारण.

काकूंना मी जवळजवळ घालवलंच होतं. नियमाप्रमाणे सगळ्यांनी गिट (फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) शिकायचं, म्हणून महिनाभर त्यांना आज्ञा टाइप करायच्या टर्मिनलसमोर बसवलं. एका रविवारी त्या हळूच म्हणाल्या, “अगं, मला शब्द तपासायचे होते. हे काळं पान मला नाही जमायचं.” त्यानंतर आम्ही त्यांना साधी स्प्रेडशीट दिली: डावीकडे शब्द, मध्ये सामान्यरूप, उजवीकडे शेरा. आठवड्यातून एकदा आमच्यातला कोणीतरी स्क्रिप्ट चालवून ती कोशात घेतो.

इथे एक गोष्ट विसरू नका. गिटमध्ये प्रत्येक कमिटला, म्हणजे नोंदवलेल्या बदलाला, लेखक आणि कमिट करणारा अशी दोन नावं स्वतंत्र असतात. कमिट कोणीही करो, लेखक म्हणून काकूंचंच नाव जातं. कुठला ईमेल द्यायचा ते आधी त्यांना विचारून घेतलं, कारण तो कायमचा जाहीर राहतो. आपलं नाव इतिहासात ओळीने लागलेलं पाहिलं त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं होतं.

म्हणून नव्या माणसाशी पहिल्याच बोलण्यात तीन गोष्टी विचारा आणि लिहून ठेवा. काय करायला आवडेल, आठवड्याला साधारण किती वेळ आहे, आणि काय अजिबात नको. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. माझ्या अनुभवात खरी माहिती त्याच्याच उत्तरात मिळते.

पहिले ४८ तास

एकच गोष्ट सुधारायची असेल तर ही सुधारा.

मोझिलामध्ये केलेल्या एका पाहणीत दिसलं होतं की ज्यांच्या पहिल्या पॅचचा (पाठवलेल्या बदलाचा) रिव्ह्यू ४८ तासांत झाला, ते पुन्हा येण्याचं प्रमाण खूप जास्त होतं. ज्यांना सात दिवसांहून जास्त थांबावं लागलं, त्यांतले जवळपास कोणीच परतले नाहीत. मी १७ दिवस घेतले होते. माझी स्वतःची गोष्टही याहून वेगळी नाही. कॉलेजात असताना एका मोठ्या प्रकल्पाला मी पॅच पाठवला होता, रोज सकाळी उठून आधी ते पान उघडायचे. उत्तर कधीच आलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी कुठेच काही पाठवलं नाही.

दोन दिवसांत पूर्ण रिव्ह्यू करणं नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसाला शक्य नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून आम्ही कामाचे दोन तुकडे केले: पोच आणि परीक्षण. पोच ४८ तासांत गेलीच पाहिजे, परीक्षणाला वेळ लागला तरी चालेल, फक्त तारीख सांगायची. पोच माणसानेच लिहायची. बॉटने टाकलेलं ‘धन्यवाद’ लगेच ओळखू येतं आणि काही केल्या ते आभार वाटत नाहीत. पोचेत पाठवलेलं काम उघडून पाहिल्याची एक तरी खूण हवी:

“यादी मिळाली, चाळून पाहिली. प्रत्येक शब्दाला लिंग लावलंयस, त्यामुळे आमचा बराच वेळ वाचेल. नीट तपासायला मला शनिवार लागेल. रविवारी रात्रीपर्यंत काही कळवलं नाही, तर मला हक्काने आठवण कर.”

हे लिहायला तीन मिनिटं लागतात. शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडची मुलं मोठ्यांना आठवण करायला संकोचतात, तशी मोकळीक आपणच द्यावी लागते.

पोचेची आम्ही पाळी लावली आहे. सोमवार ते रविवार एक माणूस, पुढच्या आठवड्यात दुसरा. पाळीवाल्याने तपासायचं काहीच नाही, फक्त आलेल्या प्रत्येकाला उत्तर द्यायचं. ज्यांना रिव्ह्यू करता येत नाही तेही हे करू शकतात. काकूंची पोच आमच्यात सगळ्यात सुंदर असते.

मग परीक्षण. कंटाळवाणे दोष यंत्राला सांगू द्या. ओळीच्या शेवटी जादा जागा आहे, शब्द दोनदा आलाय, फाइलीचं एन्कोडिंग बिघडलंय, हे सगळं आपोआप चालणाऱ्या चाचणीने सांगावं. यंत्राने चूक दाखवली तर कोणाला अपमान वाटत नाही. माणसाने फक्त विचार करावा लागतो तेवढंच बोलावं.

आणि कसं बोलावं? “चूक. शेव.”च्या ऐवजी मी तेव्हा असं लिहायला हवं होतं:

“छापील मराठीत ‘शेव’ रूढ आहे, म्हणून तपासणाऱ्याला ‘सेव’ खटकेल. पण इंदूर-उज्जैनकडच्या मराठी घरांत ‘सेव’च म्हणतात, तेही खरं. आपल्याकडे प्रादेशिक शब्दांसाठी अजून सोय नाही. तुला काय वाटतं, दोन्ही रूपं ठेवावीत का? तोपर्यंत बाकीचे ३९ शब्द आजच घेते.”

यात चार गोष्टी आहेत. कारण दिलं. समोरच्याच्या शब्दाला कुठे आधार आहे ते मान्य केलं. निर्णयात त्याला ओढलं. आणि वाद एका शब्दाचा होता म्हणून बाकीचं काम अडवून ठेवलं नाही. ही शेवटची गोष्ट आम्ही फार उशिरा शिकलो. पुल रिक्वेस्टमधला एक भाग वादाचा असेल तर उरलेलं वेगळं काढून लगेच मर्ज करा, म्हणजे प्रकल्पात सामील करून घ्या. माणसाला ‘माझं काहीतरी आत गेलं’ हे कळू द्या. पुढचं बोलणं मग सोपं जातं.

नाकारायचं असेल तर लवकर नाकारा, स्पष्ट नाकारा. ‘बघू’ म्हणून सहा महिने टांगून ठेवणं नकारापेक्षा क्रूर आहे.

मीठ-लिंबापासून सुरुवात

पंगतीत नव्या पोराच्या हातात आधी मीठ आणि लिंबू देतात. मग चटणी, कोशिंबीर. हात बसला की वरण. तूप वाढायला मिळालं म्हणजे घरच्यांनी आपल्याला आपलं मानलं, हे लहानपणी आम्हाला कोणी सांगावं लागायचं नाही. प्रकल्पातही अशीच चढण हवी, आणि मीठ-लिंबाचं ताट कायम भरलेलं हवं.

म्हणजे काय, तर छोटी कामं आधीपासून कापून ठेवायची. ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यासाठी सोपं काम) असं लेबल लावून खाली एक ओळ लिहिली, तर ते नवख्याच्या काहीच उपयोगाचं नाही. आमचा एक इश्यू नमुना म्हणून देते:

“ऱ्हस्व होणाऱ्या ‘ई’ची तपासणी. विहीर, खीर, कोथिंबीर या शब्दांत सामान्यरूपात ‘ई’ ऱ्हस्व होते: विहिरीत, खिरीत, कोथिंबिरीत. सोबतच्या २५ शब्दांना हा नियम लागतो का ते बघा. तत्सम शब्दांपासून सावध राहा, ‘शरीर’चं ‘शरीरात’ दीर्घच राहतं. वेळ: साधारण एक तास. बदल फक्त शब्दांच्या फाइलीत. चाचणी हिरवी झाली की काम झालं. अडलात तर इथेच विचारा.”

किती वेळ, कुठल्या फाइलीत, कुठे पाय घसरेल, कधी झालं समजायचं आणि कोणाला विचारायचं: एवढं असलं की अनोळखी माणूस हात घालतो. असा इश्यू लिहायला मला २० मिनिटं लागतात, ते काम स्वतः करायला १०. तरी ते स्वतः करायचं नाही. ही १० मिनिटं वाचवण्याचा मोह मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, फार होतो, आणि त्याच्यापायी नव्या माणसाला दारातच उभं राहावं लागतं.

कोणी काम घेतलं आणि दोन आठवडे आवाज नाही, तर विचारा: “वेळ मिळतोय का? नसेल तर हे मोकळं करते, पुन्हा आलास की दुसरं आहेच.” जाब विचारल्यासारखं वाटता कामा नये.

प्रकल्प चालू करून पाहायला किती वेळ लागतो, हेही तपासा. दर तीन महिन्यांनी आम्ही एखाद्या नव्या माणसाला त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर, फक्त आमच्या सूचना वाचून, सगळं बसवायला सांगतो. शेजारी बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, कीबोर्डला लावायचे नाहीत. जिथे तो अडला, ती ओळ त्याच दिवशी दुरुस्त करायची. ती दुरुस्ती त्यालाच करू द्यावी. त्याची पहिली पुल रिक्वेस्ट तिथेच होते.

दखल कशी घ्यावी

इंग्रजी विकिपीडियावर एकमेकांना ‘बार्नस्टार’ नावाचं साधं चित्र देऊन कौतुक करायची प्रथा आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सर्वाधिक काम करणाऱ्या १ टक्का संपादकांतून काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून ते दिलं गेलं. ज्यांना मिळालं त्यांचं काम, न मिळालेल्यांच्या तुलनेत ६० टक्के जास्त झालं. पैसा नाही, वस्तू नाही, कोणीतरी पाहिलं एवढंच.

उलट बाजूही बघा. दर ऑक्टोबरात होणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या उपक्रमात ठरावीक पुल रिक्वेस्ट केल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये टी-शर्टसाठी रीडमीत (प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलीत) एखादा शब्द घुसडणाऱ्या निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला, तेवढेच धरायचे. संख्येवर बक्षीस ठेवलं की संख्याच मिळते. म्हणून आमच्याकडे ‘महिन्याचा सर्वोत्तम’ नाही, गुणफलक नाही. एकदा ठेवला होता. ज्यांचे शब्द कमी पण अवघड होते, ते लोक गप्प झाले. दोन महिन्यांत काढून टाकला.

कौतुक करताना नेमकं बोला. ‘छान काम’ म्हणजे वाचलं नाही असंच समजतात. “पाऊसचं पावसात, पण मूसचं मुशीत, हा फरक नियमात तूच बसवलास, आता चार शब्द हाताने लिहावे लागत नाहीत,” असं म्हटलं की समोरचा ते वाक्य जपून ठेवतो. प्रत्येक आवृत्तीच्या टिपणात नावं घ्या, आणि कोड न लिहिणाऱ्यांचीही घ्या: ज्याने चूक कळवली, ज्याने सूचना मराठीत आणल्या, ज्याने पोच दिली. विद्यार्थी प्रमाणपत्र मागतात, त्यात गैर काही नाही. त्यांना नेमकं काय केलं ते लिहिलेलं एक परिच्छेदाचं पत्र द्या, नोकरीच्या मुलाखतीत तेच उपयोगी पडतं.

तूप कोणाच्या हाती

पाच-सहा चांगल्या पुल रिक्वेस्ट झाल्या की आम्ही मर्ज करायचा अधिकार देतो. घाबरायचं कारण कमी आहे. गिटमध्ये चुकीचा बदल मागे घेता येतो, मेन ब्रँचवर (मुख्य प्रतीवर) थेट बदल ढकलणं बंद ठेवता येतं, आणि दुसऱ्या कोणीतरी संमती दिल्याशिवाय मर्ज होणार नाही असा नियम लावता येतो. अधिकार मिळालेला माणूस आधीपेक्षा जपून काम करतो, हे मी दर वेळी पाहिलंय.

पण सगळी दारं एकदम उघडू नका. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीचं २०२४ सालचं प्रकरण प्रत्येक मेंटेनरने वाचावं. ती जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते आणि वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी, ती सांभाळत होता. तो थकला होता, मानसिक त्रासातून जात होता, तसं त्याने लिहिलंही होतं. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आला: जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपव. तोपर्यंत गोड बोलून मदत करणारा एक जण तयारच होता. त्याला अधिकार मिळाले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा बसवला. एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या संगणकात दुरून सुरक्षितपणे शिरायला) नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं, त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केलं.

मी यावरून एवढं ठरवलं: मर्जचा अधिकार लवकर द्यायचा, पण आवृत्ती प्रसिद्ध करायच्या किल्ल्या उशिरा, आणि त्या कधीही एकट्याकडे ठेवायच्या नाहीत. शिवाय घाईघाईने सोपवायला लावणाऱ्याला कधीच सोपवायचं नाही.

मतभेद होणारच. आम्ही ‘निर्णय’ नावाची साधी फाइल ठेवतो: तारीख, प्रश्न, कोणकोणते मुद्दे आले, काय ठरलं. हरलेल्या बाजूचा मुद्दा त्यात नीट लिहिलेला असतो, आणि शक्य असेल तर त्याच माणसाकडून लिहून घेतो. आपलं म्हणणं नोंदलं गेलं की माणूस निर्णय पचवतो.

जाणाऱ्याला जाऊ द्या, स्वतःलाही सांभाळा

परीक्षा येतात, दिवाळी येते, कोणाचं बाळ होतं, कोणाचे वडील आजारी पडतात. आमच्याकडे एक ओळ टाकली की पुरे: “दोन महिने नाही.” कारण विचारत नाही. त्याचं काम कोण बघणार तेवढं ठरवतो. जो कायमचा जातो, त्याचं नाव ‘माजी’ म्हणून यादीत राहतं, आणि निरोप देताना त्याने काय उभं केलं ते लिहितो. असे गेलेले दोघं वर्षाने परत आले.

हेच नियम मेंटेनरला लागू आहेत, आणि तोच ते सगळ्यात कमी पाळतो. त्या साडेअकराच्या रात्री मी दमलेली होते म्हणूनच दोन शब्दांत मोकळी झाले. आता मी रात्री दहानंतर रिव्ह्यू करत नाही. जमणार नसेल तेव्हा प्रकल्पाच्या पानावर सरळ लिहिते: “या महिन्यात फक्त दुरुस्त्या, नवे शब्द पुढच्या महिन्यात.” यावर आजवर कोणी रागावलं नाही.

महिन्याच्या बैठकीत आम्ही तीन आकडे बघतो, दहा मिनिटांत होतं. पहिल्यांदा आलेल्यांपैकी दुसऱ्यांदा किती आले? सगळ्यात जुनी अनुत्तरित पुल रिक्वेस्ट किती दिवसांची? आणि माझ्याशिवाय इतरांनी किती मर्ज केलं? तिसरा आकडा वाढला की मला शांत झोप लागते.

यंदा जानेवारीत आमच्या कोशात प्रादेशिक शब्दांची सोय झाली. निर्णयाच्या फाइलीत ‘सेव’वर दीड पान चर्चा आहे, दोन्ही रूपं आत आहेत. मी त्या मुलाची जुनी यादी काढली, लेखक म्हणून त्याचं नाव ठेवून सगळे ४० शब्द मर्ज केले आणि खाली उशिराबद्दल माफी मागितली. उत्तराची अपेक्षा नव्हती. आता तो नोकरीला लागला आहे, इंदुरातही नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची एक ओळ आली होती.

“ताई, गराडू राहिलंय. पाठवू?”